जोडप्याच्या फोटोत गाव दिसू दे

पत्र :

‘ताई, माझं वय २९. कराडजवळच आमचं गाव. वडिलांचा जुना फोटो स्टुडिओ आहे, तो आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतो. मी सहा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी घेतोय. वर्षाला वीस-बावीस लग्नं आणि जवळजवळ तेवढीच प्री-वेडिंग. खरं सांगतो, प्री-वेडिंगचा कंटाळा आलाय. पुण्याजवळच्या त्याच सेटवर जायचं, तोच झोपाळा, तीच पांढरी दारं. जोडपं मोबाइलवर रील दाखवतं आणि म्हणतं, अस्संच काढा. दोघं अवघडलेली असतात, फोटोत ते दिसतं, मग मी एडिटिंगमध्ये झाकत बसतो. माझा जीव प्रवासात आहे. मागच्या वर्षी स्पिती केलं, हंपी केलं. हप्त्यावर कॅमेऱ्याची नवी बॉडी आणि ८५ची लेन्स घेतली. आता वाटतं, लग्नं सोडावीत आणि फक्त ट्रॅव्हल फोटोग्राफी करावी. बायको विचारते, हप्ते कोण भरणार? वडील म्हणतात, लग्न हा धंदा आणि फिरणं ही हौस. त्यात एका जोडप्याला सप्टेंबरात कासच्या फुलांमध्ये रंगीत धुराच्या नळकांड्या लावून आणि नंतर एखाद्या गडावर ड्रोन उडवून शूट हवंय. हो म्हणू का? जोडप्यांचे दहा आणि प्रवासाचे दहा फोटो सोबत पाठवतोय. स्पष्ट बोला. – एक वाचक, कराड’

उत्तर :

तू ताई म्हणून हाक मारलीस, म्हणून मीही तुला तू म्हणते.

फोटो मोबाइलवर बघून मत द्यायचं नाही, हा माझा जुना हट्ट आहे. तुझ्या वीसही फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढल्या, जेवणाच्या टेबलावर दोन ओळींत मांडल्या आणि दोन दिवस येता-जाता बघत राहिले. तुला उजेड कळतो. हंपीच्या दगडांवर उतरलेलं संध्याकाळचं ऊन तू ज्या धीराने घेतलं आहेस, तो धीर शिकवून येत नाही. तुझ्या हाताविषयी मला शंका नाही. अडचण वेगळीच आहे आणि दोन्ही ओळी शेजारी शेजारी लावल्या तेव्हाच ती दिसली.

जोडप्यांच्या दहा फोटोंत मला जागा सापडली नाही. ८५ची लेन्स, अ‍ॅपर्चर १.४, दोघांच्या मागचं सगळं जग विरघळून गेलेलं. ती दोघं कराडची की कानपूरची, शेतकऱ्याच्या घरातली की डॉक्टरच्या, काही पत्ता लागत नाही. प्रवासाच्या फोटोंत नेमकं उलटं. तिथे जागा आहे, माणूस नाही. सात फोटोंत कुणीच नाही, उरलेल्या तीन फोटोंत माणूस आहे तो पाठमोरा. स्पितीतल्या त्या आजी तू रस्त्याच्या पलीकडून, लांबच्या लेन्सने घेतल्यास ना? आपला फोटो कुणी काढला हे त्यांना कळलंही नसेल.

अनोळखी माणसाच्या जवळ जायचं, त्याच्याशी बोलायचं आणि त्याच्या भोवतालासकट त्याला फोटोत घ्यायचं, याचा तुला संकोच वाटतो. सेटवर तो झोपाळ्याआड लपतो, डोंगरात लांबच्या लेन्सआड. लग्नं सोडलीस म्हणून तो जाणार नाही, तुझ्या बॅगेतून तो पुन्हा स्पितीला येईल. म्हणून आधीच सांगून टाकते, लग्नं सोडू नकोस. जोडप्यांची शूट बदल. प्रवासाच्या फोटोंसाठी जे शिकायचं राहिलं आहे, ते तुला तिथेच शिकायला मिळणार आहे.

ही दोन वेगळी कामं आहेत ही समजूतही मला पटत नाही. छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) आधी इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करत होते. मध्य भारतातली देवळं, किल्ले, राजवाडे त्यांनी फिरून फिरून टिपले. पुढे तेच हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले आणि माणसांना समोर बसवून त्यांचे फोटो काढू लागले. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच असे. चार वर्षांनी मुंबईतही त्यांचा स्टुडिओ उघडला. देवळाच्या खांबांवरचा उजेड आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेड, दोन्ही एकाच नजरेने पाहिलेले आहेत. धंदा आणि हौस अशी वाटणी तुझ्या वडिलांनी केली आणि तूही ती मान्य केलीस, एवढंच.

आता अवघडलेपणाचं. दोघं अवघडलेली असतात म्हणतोस. असणारच. आपल्याकडे अजूनही कितीतरी लग्नं ठरवून होतात. कांदेपोहे झाले, मग एकदा हॉटेलात चहा, मग साखरपुडा, मग रात्री फोनवर बोलणं. तुझ्यासमोर उभी राहतात तेव्हा ही दोघं एकमेकांना जेमतेम पाच-सहा वेळा भेटलेली असतात आणि सोबत मुलीचा भाऊ नाहीतर मावसबहीण असते. अशा दोघांना तू सांगतोस, मागून मिठी मारा, कपाळाला कपाळ लावा. त्यांचं अंग आखडतं, कारण ते खोटं बोलायला तयार नाही. हे एडिटिंगमध्ये का झाकतोस? दोन माणसं एकमेकांच्या जवळ येताहेत आणि किती जवळ जावं हे त्यांना अजून कळत नाही, हे दिवस पुन्हा यायचे नाहीत. मिठीचा फोटो पुढच्या चाळीस वर्षांत कधीही काढता येईल.

मी कसं करते ते सांगते. पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच ठेवते. चहा घेतो, गप्पा मारतो, कोण कुठल्या शाळेत होतं, कोणाच्या घरी म्हशी आहेत, हे सगळं. मुलीच्या भावाच्या हातात रिफ्लेक्टर देते. त्याला काम मिळतं आणि पहाऱ्यावर नेमल्यासारखा चेहरा लगेच निवळतो. मग जोडप्याला पोज सांगत नाही, काम सांगते. चालत त्या वडापर्यंत जाऊन या. तिला तुझ्या गावचं देऊळ दाखव. फेटा येतो का बांधायला? तिला शिकव. हाताला काम मिळालं की हात कुठे ठेवायचे हा प्रश्न उरत नाही, आणि काम करताना माणसं एकमेकांकडे खरी बघतात.

अकरा वर्षांपूर्वीचं एक जोडपं आठवतं. मुलगी शाळेत शिक्षिका, मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप. नदीकाठी त्याला उभं केलं तर घामाघूम झाला, एक फोटो धड आला नाही. दुसऱ्या दिवशी मी दोघांना त्याच्या वर्कशॉपमध्येच बोलावलं. तो तिला इंजिन उघडून दाखवायला लागला आणि अर्ध्या तासात माझा त्याला विसर पडला. हात ऑइलने काळेकुट्ट, गालावरही एक पट्टा. तिने न बोलता ओढणीच्या टोकाने तो पुसला आणि लगेच दचकून भावाकडे पाहिलं. पुसतानाचा फोटो मी घेतलाच, पण भावाकडे पाहतानाचा त्याहून चांगला आला. मागे भिंतीवर टांगलेले पाने, फॅनबेल्ट, देवाचं कॅलेंडर सगळं दिसतं. तो अजून त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे.

तू तर कराडचा. नद्या एरवी कोनात मिळतात. तुझ्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात, एकमेकींना भेटतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. त्या जागेला लोकांनी नावच प्रीतिसंगम दिलं आहे. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे, तेव्हा तिथलं भान राखायचं हे तुला सांगायला नको. पण पहाटे घाटावर या, थंडीत पाण्यावर धुकं असतं, आंघोळीला येणारी माणसं असतात, देवळातली घंटा वाजत असते. हे सगळं दाराशी असताना पुठ्ठ्याच्या दारांपुढे उभं राहायला पैसे भरून पुण्याला का जायचं?

आणि धुरासाठी नळकांडी कशाला? दिवाळीनंतर तुमच्याकडे गुऱ्हाळं पेटतात. सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला ऊन तिरपं असतं. काहिलीतली वाफ आणि तिच्यामागे ऊन, अशा बाजूला उभा राहा. वाफ आतून पेटल्यासारखी उजळते. जोडप्याच्या हातात गरम गूळ दे, तो फुंकून फुंकूनच खावा लागतो, त्यात आपोआप दहा फोटो मिळतील. मालकाला आदल्या दिवशी जाऊन विचार आणि नंतर गुळव्याला त्याच्या स्वतःच्या फोटोची प्रिंट नेऊन दे. तुझ्या घरी प्रिंटर आहे, वडिलांना प्रिंटची जाण आहे. बाकीचे फोटोग्राफर यासाठी तडफडतात.

८५ विकून टाक असं मी म्हणत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी आंतरपाटाच्या पलीकडचा चेहरा घ्यायला तिच्यासारखी लेन्स नाही. पण पुढची दहा शूट ३५च्या रुंद लेन्सवर कर, अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ८ ठेव, म्हणजे मागचंही स्पष्ट येईल. ३५वर चेहरा मोठा हवा असेल तर माणसाच्या दोन पावलांवर जावं लागतं, आणि तेवढ्या जवळून न बोलता फोटो काढताच येत नाही. तुझ्या संकोचावर हे औषध आहे, कडू आहे. एवढं लक्षात ठेव की जवळून काढताना चेहरे फ्रेमच्या कडेला नेऊ नकोस, ताणले जातात.

दुसरं, जोडप्याला नेण्याआधी जागेवर एकटा जा. ही मी ठेच लागून शिकले. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत मी संध्याकाळचं शूट ठरवलं होतं. सूर्यास्त पंचांगात पाहून दीड तास आधी पोचले, तर सूर्य केव्हाच डोंगराआड. वाडीभर निळसर सावली. ती दोघं तीन तास एसटीने आली होती. मी काढले ते फोटो सपाट, विझलेले. अर्धे पैसे परत केले, पण त्यांचा तो दिवस कुठून परत करणार? तेव्हापासून मी मुठीने मोजते. हात पुढे लांब करून मूठ धरली की आकाशातले साधारण दहा अंश झाकले जातात. सूर्य आणि डोंगरमाथा यांच्यामध्ये एक मूठ बसली तर ऊन जायला साधारण चाळीस मिनिटं आहेत. हेही ध्यानात ठेव, की तुमच्याकडे जूनमधला मावळतीचा सूर्य आणि डिसेंबरमधला, यांच्या जागांत जवळजवळ पन्नास अंशांचं अंतर असतं, म्हणजे क्षितिजावर पाच मुठी. पावसाळ्यात हेरून ठेवलेली जागा लग्नसराईत दगा देते ती यामुळे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर कराडला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, पायाखालची सावली नाहीशी होते आणि नवरीच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या दिवसांत साडेबाराच्या मुहूर्तानंतर ‘बाहेर दोन फोटो काढू’ म्हणणाऱ्या काकांना हात जोड आणि सगळ्यांना पडवीत घे. पडवीच्या कडेशी, सावलीत, तोंड अंगणाकडे. अंगणातल्या मातीवरून परतून येणारा उजेड फार मायाळू असतो.

कोकणात शूट करायला जाशील तेव्हा सगळे सूर्यास्तामागे धावतील. तू सकाळी उठ. आपला किनारा पश्चिमेचा, सूर्य मागच्या डोंगरावरून उगवतो, त्यामुळे समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर समोरून कोवळं ऊन येतं आणि मागे लाटा दिसतात. ओहोटीची वेळ गाठलीस तर ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं मिळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. जोडप्याला खडकावर चढवताना तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू देऊ नकोस.

तुझ्या फोटोंत एक गोष्ट मला खुपली, ती बोलल्याशिवाय राहवत नाही. दहापैकी सहा फोटोंत मुलींचे चेहरे तू गोरे केले आहेस. एका फोटोत चेहरा आणि हात दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. तू म्हणशील, मुलीची आईच सांगते. मलाही सांगायच्या. पण विचार कर, ती मुलगी तो फोटो रोज बघणार आहे. लग्नाच्या दिवशी, आयुष्यातल्या सगळ्यात सजलेल्या दिवशीही, आपला खरा रंग फोटोग्राफरला चालला नाही, हे तिला रोज दिसणार आहे. सावळ्या रंगावर सकाळचं तिरपं ऊन जसं खुलतं, हळदीचा पिवळा जसा चमकतो, तसा तो गोऱ्यावर चमकत नाही. एक्सपोजर नीट ठेव आणि रंगाला हात लावू नकोस. मुलीच्या आईला एकदा न बदललेली मोठी प्रिंट दाखव. मी दाखवत आले आहे. एखादीच आई तरीही हट्ट धरते.

आता कास आणि गड. कासला धूर, याला सरळ नाही म्हण. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. तिथे जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर असतो आणि त्यात सीतेची आसवं, दवबिंदू अशी बोटभर उंचीची झाडं उगवतात. घागरा पसरून एक जोडपं बसलं की त्याखाली काय काय चिरडलं जातं ते त्यांना दिसतही नाही. पठारावर जायला नोंदणी लागते, रोजची माणसं मोजून सोडतात, वाटेवरून खाली उतरायचं नाही. व्यावसायिक शूट असेल तर आधी वन विभागाला विचारायचं. त्या दोघांना फुलं मनापासून आवडत असतील तर नोंदणी करून आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी घेऊन जा, साध्या कपड्यांत, वाटेवरून चालत, वाकून फुलं बघताना. नुसतंच रंगीत ‘लोकेशन’ हवं असेल तर त्यांना गुऱ्हाळावर ने.

गडाचं जरा सविस्तर सांगते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. पण यादीतला असो नसो, संरक्षित किल्ल्यावर ट्रायपॉड, दिवे, व्यावसायिक चित्रीकरण यांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती आदल्या दिवशी मागून मिळत नाही. ड्रोनसाठी २०२१चे नियम आहेत. ड्रोनची नोंदणी हवी, उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशात ती जागा कोणत्या रंगात आहे ते बघायचं, आणि हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. पैसे घेऊन काम करत असशील आणि ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल, तर चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. मित्राचा ड्रोन मागून आणायचा आणि ‘कोण बघतंय’ म्हणून उडवायचा, हे करू नकोस. माणसांच्या डोक्यावर पडला तर तुझी सहा वर्षं एका दुपारी संपतील.

परवानगीच्या पलीकडचंही आहे. गडावर माणसं अनवाणी येतात, पायरीला हात लावून कपाळाला लावतात. त्यांच्यामध्ये लांब शेपटीचा गाऊन आणि स्पीकरवरचं गाणं लोकांना खुपतं आणि मला ते खुपणं रास्त वाटतं. मात्र जोडपं मुळात गडावर जाणारं असेल, ट्रेकमध्ये ओळख झालेलं असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांच्याबरोबर तूही पाठीवर बॅग घेऊन चढ. टाक्यातलं पाणी पिताना, बुटाची नाडी बांधताना, दरवाजाच्या सावलीत भाकरी सोडताना त्यांना घे. एक कॅमेरा, एक लेन्स. तिथे ते जसे खरोखर असतात, तसेच येतील.

हप्त्यांबद्दल तुझ्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे. तिला तुझ्याबरोबर बसव आणि वर्षाचा हिशोब दोघांनी मिळून मांडा. मी तीस वर्षांहून जास्त हे काम करते, प्रवासाच्या फोटोंनी माझ्या कमाईचा दहावा हिस्साही कधी ओलांडला नाही. दिवाळी अंकांनी, मासिकांनी फोटो प्रेमाने छापले, पण त्यावर घर चाललं नसतं. घर लग्नांनी चालवलं. पण आपल्या धंद्याला एक सोय आपोआप मिळाली आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिकीनंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात. वर्षातले चार महिने! दुसऱ्या कुठल्या धंद्यात एवढी मोकळीक असते? ते महिने अल्बम पुरे करण्यात आणि उधाऱ्या वसूल करण्यात घालवू नकोस. अल्बम ज्येष्ठातच हातावेगळे कर, आणि पावसाळ्यात फीर. बावीस ऑर्डरींच्या सोळा कर, पण प्रत्येक जोडप्याला दोन दिवस दे. एक दिवस त्याच्या गावी, एक तिच्या. त्याचे पैसे नीट सांग, संकोचू नकोस. बाहेरगावी गेलास तर प्रवास आणि राहणं वेगळं लाव. आणि हे हप्ते फिटेपर्यंत नवी वस्तू घ्यायची नाही, लागली तर लेन्स भाड्याने आण. पावसात एसी गाडीतून थेट बाहेर काढलेला कॅमेरा धुरकटतो, तो आधी बॅगेतच थोडा वेळ राहू दे. घरी आल्यावर लेन्स कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव, नाहीतर श्रावण संपेपर्यंत काचेवर बुरशी धरते.

एक कागद मात्र आजच कर, करारपत्राचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. पैसे देऊन कुणी फोटो काढवून घेतला आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार फोटो काढवून घेणारा असतो. म्हणजे तू जोडप्याचे जे फोटो सोशल मीडियावर टाकतोस, ते लेखी ठरवल्याशिवाय तुझे नसतात. साध्या मराठीत लिही की कुठले फोटो कुठे लावायचे आणि त्यांनी नको म्हटलं तर किती दिवसांत काढायचे. दोघांच्याही सह्या घे, फक्त मुलाच्या वडिलांची नको.

कायद्याच्याही आधी हे मी दुसऱ्याच कारणाने शिकले. साखरपुड्यानंतर काढलेला एक फोटो मला इतका आवडला होता की मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. विचारलं नव्हतं. महिन्याभरात ते लग्न मोडलं. मला कळलं नाही. तीन-चार महिन्यांनी त्या मुलीची आई दुकानात आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, ‘ती रोज याच रस्त्याने बसने कॉलेजला जाते हो.’ मी तिथल्या तिथे फोटो उतरवला. पण तीन-चार महिने ती मुलगी रोज दोनदा त्या काचेसमोरून गेली होती, ते मी कसं उतरवणार होते? तेव्हापासून विचारल्याशिवाय एकही फोटो माझ्या भिंतीवर गेला नाही.

आता तुझ्या प्रवासाबद्दल, आणि मग थांबते. स्पिती कुठे पळून जात नाही. या वर्षी तुझ्याच जिल्ह्यातून सुरुवात कर. माउलींची पालखी नीरेला पादुकांचं स्नान झालं की सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. पुढे तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण होतं. रिंगणाचे फोटो शेकडो जण काढतात, तूही काढ, मन भरू दे. पण त्यानंतर एक दिंडी धर आणि तिच्याबरोबर दोन दिवस चाल. जेवायच्या पंगतीत बस, कुणाच्या पायाला फोड आले असतील तर मलम लाव. नदीवर आंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवायचा नाही. बाकी लोक तुला माउली म्हणून हाक मारतील, आणि जवळ कसं जायचं हा तुझा प्रश्न पहिल्या दुपारीच सुटेल.

ज्यांचे फोटो काढशील त्यांचा दिंडी क्रमांक वहीत लिहून ठेव. रथाच्या पुढची की मागची, तेही लिही. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी माणूस पुन्हा सापडतो. फिल्मच्या दिवसांत मी असंच एका बाईला शोधत गेले होते. डोक्यावर तुळस, चेहरा उन्हाने रापलेला, मला फोटो फार चांगला आला आहे असं वाटत होतं. प्रिंट तिच्या हातात दिली. तिने स्वतःकडे बघितलंच नाही. तिच्यामागे, जरा बाजूला, घोटभर पाणी पिताना एक बाई आली होती, तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाली, ‘ही गेली बघ कार्तिकात. हिचा फोटोच न्हवता कुठं.’ मग ती प्रिंट दिंडीभर फिरली आणि माझ्याकडे परत आलीच नाही. मी त्या दिवशी अ‍ॅपर्चर ८ वर काढला होता. उजेड भरपूर होता म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. १.४ वर काढला असता तर ती मागची बाई नुसता एक पांढरट डाग झाली असती.

तेव्हा लोणंदला जाताना ८५ घरी ठेव. ३५ घे, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, प्लॅस्टिकची पिशवी, वही आणि पेन. येताना बायकोला एक दिवस तरी बरोबर चालव. आणि तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं जोडपं कुठे नेलंस, ते मला प्रिंट पाठवून कळव. मोबाइलवर नको.